एमिली शेंकल, सुभाषबाबूंची बायको: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २३ जानेवारीच्या आसपास मी दोन-तीन शाळांमध्ये नेताजींवर बोलायला जाते. कोलकात्याच्या घरातून वेष बदलून पळाले ते, पाणबुडी, आझाद हिंद सेना, हे सगळं मुलांना आधीच पाठ असतं, पण मग एखादी सातवीतली मुलगी हात वर करते आणि विचारते, मॅडम, त्यांचं लग्न झालं होतं का हो? की लगेच मागे बसलेल्या शिक्षकांमध्ये कुजबुज सुरू. कुणी म्हणतं झालंच नव्हतं, ते ब्रह्मचारी होते, कुणी म्हणतं जर्मन बाई होती कुणीतरी, सेक्रेटरी होती. "होती कुणीतरी" हे ऐकलं की मला फार लागतं. म्हणून हे सगळे प्रश्न एका ठिकाणी आणून, मला जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं लिहिलंय.

एक आधीच सांगते. मी तिला "ती" म्हणणार आहे. अनादर नाही, आईला आणि आजीला आपण अगं-तुगं करतो ना, तसं.

एमिली शेंकल नेमकी कोण?

व्हिएन्नाची मुलगी. जन्म २६ डिसेंबर १९१०, कॅथलिक घर, वडील गुरांचे डॉक्टर. जर्मन बोलायची पण जर्मनीची नाही, ऑस्ट्रियाची, हा फरक लक्षात ठेवा कारण आपल्याकडे सर्रास "नेताजींची जर्मन पत्नी" असं छापलं जातं. वडिलांना मुलीच्या शिक्षणाची फारशी हौस नव्हती, त्यामुळे शाळा उशिरा सुरू झाली, मग मधेच चार वर्षं तिला नन्सच्या मठात ठेवलं. जोगीण होणं तिला पटलं नाही, ती परत आली आणि विसाव्या वर्षी शाळा पूर्ण केली. आणि शाळा संपली तेव्हा जगभर मंदी, नोकऱ्याच नाहीत. म्हणजे शॉर्टहँड येतं, टायपिंग येतं, इंग्रजी चांगलं येतं आणि काम मात्र कुठे नाही, अशा अवस्थेतली ती एक तरुण मुलगी होती.

मग सुभाषबाबू भेटले कसे?

सुभाषबाबू १९३३ मध्ये उपचारासाठी युरोपात गेले होते. ब्रिटिशांनी सोडलं ते देशाबाहेर जायचं या अटीवरच. व्हिएन्नात त्यांना एका लंडनच्या प्रकाशकासाठी पुस्तक लिहायचं होतं, १९२० नंतरच्या भारतीय लढ्याचा इतिहास, आणि त्यासाठी डिक्टेशन घेणारं, टाइप करणारं कुणीतरी हवं होतं. व्हिएन्नात राहणाऱ्या एका भारतीय डॉक्टरांनी एमिलीचं नाव सुचवलं. जून १९३४. ती २३ वर्षांची, ते ३७.

ते पुस्तक १९३५ मध्ये लंडनला निघालं आणि भारतात सरकारने त्यावर बंदी घातली. प्रस्तावनेच्या शेवटी सुभाषबाबूंनी आभार मानलेत आणि त्यात फक्त एकच नाव आहे, फ्रॉइलाइन (म्हणजे कुमारी) ई. शेंकल. बाकीचे सगळे "इतर मित्र". पुढे काय होणार हे माहीत असलेल्या आपल्याला ती ओळ वाचताना थांबायला होतं, मला तरी दर वेळी होतं.

लग्न खरंच झालं होतं का? पुरावा काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

एमिलीने स्वतः सांगितलेली तारीख २६ डिसेंबर १९३७, म्हणजे तिचाच वाढदिवस. जागा बादगास्टाइन, ऑस्ट्रियातलं डोंगरातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. सुभाषबाबू तिथे महिनाभर विश्रांतीला गेले होते आणि तिथेच दहा दिवसांत त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहून काढलं, जे अपुरंच राहिलं. लग्न हिंदू पद्धतीने झालं असं तिने सांगितलं, पण भटजी नाही, साक्षीदार नाहीत, नोंदणी नाही. आता नोंदणी नाही म्हटल्यावर शंका घेणारे शंका घेणारच, इतिहासाच्या अभ्यासकांनीही तारखेवर वाद घातलेत, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

पण तारखेचा वाद वेगळा आणि लग्नच नाकारणं वेगळं. कारण दुसरा पुरावा सुभाषबाबूंच्या हातचा आहे. ८ फेब्रुवारी १९४३, जर्मनी सोडायच्या दिवशी त्यांनी थोरले भाऊ शरदबाबूंना बंगालीत एक पत्र लिहिलं आणि ते एमिलीकडे ठेवून गेले. त्यात सरळ लिहिलंय की मी इथे लग्न केलंय, मला मुलगी आहे, आयुष्यभर तुम्ही मला जी माया दिलीत ती माझ्या माघारी माझ्या बायकोला आणि मुलीला द्या. थोरल्या भावाला आपली बायकामुलं सोपवून जाणारं हे पत्र आहे. आपल्याकडे घर सोडून दूर जाणारा माणूस मोठ्या भावाला हेच सांगून जातो, नाही का. मग त्या पत्रानंतरही "ती सेक्रेटरी होती" असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त हे पत्र वाचून दाखवते.

आणि शरदबाबूंनी, बोस घराण्याने तिला सून म्हणून मानलं. घरच्यांनी मानलं तिथे बाहेरच्यांनी कशाला आडकाठी करायची.

लग्न लपवलं का?

लग्न झालं आणि तीन आठवड्यांत, जानेवारी १९३८ मध्ये, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष निवडून आल्याचं जाहीर झालं. फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशन. ज्याने आपलं लग्न देशाशी लागलंय असं सगळ्यांना सांगितलं होतं, ज्याच्यामागे हजारो तरुण होते, त्याने युरोपियन बायको करून आणली ही बातमी त्या काळात काय वादळ उठवती याचा विचार करा. राजकारणात उगाच गोंधळ नको म्हणून गुप्त ठेवलं, हे तिचंच म्हणणं.

मला कारण समजतं. पण या गुप्ततेची किंमत कोणी भरली तेही सांगायला पाहिजे. त्यांच्याकडे काम होतं, लोक होते, देश होता. तिच्याकडे फक्त ते गुपित होतं. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ती व्हिएन्नात एकटी, नवरा हजारो मैल लांब, आणि नवरा आहे हे मोकळेपणाने कुणाला सांगायचीही सोय नाही.

त्यांची पत्रं आहेत म्हणतात, त्यात काय आहे?

आहेत, आणि ज्यांना एमिली कळून घ्यायची आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. सुभाषबाबूंची १९३४ ते १९४२ मधली दीडशेहून जास्त पत्रं तिने जपून ठेवली होती, तिची स्वतःची मात्र थोडीच उरली. आयुष्याच्या शेवटी शेवटी तिने ती छापू दिली आणि १९९४ मध्ये कोलकात्याच्या नेताजी रिसर्च ब्युरोने नेताजींच्या समग्र लेखनात त्यांचा खंड काढला.

प्रेमपत्रं म्हणून उघडाल तर पहिल्यांदा निराशच व्हाल. बहुतेक पत्रांची सुरुवात अगदी ऑफिशियल, म्हणजे ऑफिसातल्या बाईंना लिहावं तशी, आडनावाने. तब्येत कशी आहे, औषध घेता का, अमुक पुस्तक पाठवा, तमुक अंक मिळाला का. कारण उघड आहे, पत्रं फोडली जायची. ८ एप्रिल १९३६ ला सुभाषबाबू बोटीने मुंबईला उतरले आणि उतरल्या उतरल्या अटक झाली, मग काही दिवस येरवड्याच्या तुरुंगात, मग दार्जिलिंगजवळ कर्सियांगला शरदबाबूंच्या बंगल्यात नजरकैद. त्या काळातलं प्रत्येक पत्र आधी सेन्सॉरच्या टेबलावर आणि मग व्हिएन्नाला. पुण्यात येरवड्याच्या भिंतीवरून जाताना मला आता फक्त गांधीजी आठवत नाहीत, त्या भिंतीमागे बसून एक माणूस व्हिएन्नातल्या बाईला तब्येतीची चौकशी लिहायचा आणि त्या चौकशीत सगळं भरून पाठवायचा, हेही आठवतं.

एक पत्र मात्र तसं नाही. मार्च १९३६, भारतात परतायच्या थोडं आधीचं. त्यात त्यांनी मन मोकळं केलंय, की तुझ्यावर किती प्रेम आहे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, तू माझ्या आयुष्यातली पहिली बाई आहेस जिच्यावर मी प्रेम केलं, आणि त्याच पत्रात हेही, की माझं पहिलं प्रेम माझा देश आहे आणि मला त्याच्याकडे परत जायलाच हवं. काहीही लपवलेलं नाही. म्हणजे एमिलीला फसवलं गेलं, तिला काही माहीत नव्हतं, अशी जी दया दाखवली जाते ती तिचा अपमान करणारी आहे. तिच्यासमोर सगळं मांडलेलं होतं आणि तिने ते कबूल केलं.

आणि हो, ते तिला लाडाने "बाघिनी" म्हणायचे. वाघीण. मठ सोडून आलेली मुलगी होती, नाव शोभायचं.

दोघं एकत्र राहिले तरी किती?

सगळे दिवस गोळा केले तरी तीन वर्षं भरत नाहीत.

बर्लिनमध्ये ती त्यांच्यासोबत होती का?

होती. जानेवारी १९४१ मध्ये सुभाषबाबू कोलकात्याहून निसटले, काबूल, मॉस्को करत इटालियन नावाच्या पासपोर्टवर एप्रिलच्या सुरुवातीला बर्लिनला पोचले. पोचल्या पोचल्या तिला पत्र, की मी बर्लिनमधून लिहितोय हे वाचून तुला आश्चर्य वाटेल. ती लगेच व्हिएन्नाहून गेली. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात जर्मन परराष्ट्र खात्याने दिलेल्या घरात ते राहायचे. नोव्हेंबरमध्ये फ्री इंडिया सेंटर सुरू झालं, तिथूनच आझाद हिंद रेडिओ चालायचा, त्यात मराठीतही बातम्या असायच्या, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

पण त्या घरातही ती अधिकृतपणे बायको नव्हती. जर्मन अधिकाऱ्यांपैकी काहींना ती डोळ्यांसमोर नको होती, आणि पुढे म्हातारपणीही तिच्या बोलण्यात त्या लोकांबद्दल कडवटपणा यायचा. येणारच. आपल्याच घरात आपण कोण आहोत हे सांगता येत नसेल तर काय वाटेल.

म्हणजे ती नाझींच्या बाजूची होती?

हा प्रश्न कॉलेजची मुलं विचारतात आणि त्यांनी विचारावाच. ज्या राजवटीत वंशाची शुद्धता हा कायदा होता, त्या राजवटीत तिने एका भारतीयाचं मूल पोटात वाढवलं. यावरून ती कुठे उभी होती ते बघा. सुभाषबाबूंनी हिटलरच्या जर्मनीकडे मदत मागितली, मे १९४२ मध्ये त्याला भेटले, हे खरं आहे, आणि मी नेताजींवर जीव लावणारी बाई असूनही मला त्या पानाशी नेहमी अडखळायला होतं. शत्रूचा शत्रू म्हणून गेले, ब्रिटिश आपल्या देशाच्या मानगुटीवर बसलेले होते, सगळं मान्य. तरी त्याच वर्षांत त्याच देशात माणसांना गाड्यांमध्ये कोंबून छळछावण्यांत पाठवत होते. हे झाकून नेताजींचं मोठेपण सांगू नये असं माझं मत आहे. पण तो निर्णय एमिलीचा नव्हता, आणि त्याचा हिशोब तिच्याकडे मागू नये.

मुलगी कधी झाली? नाव अनिता कसं?

२९ नोव्हेंबर १९४२, व्हिएन्ना. नाव ठेवताना गॅरिबाल्डीची बायको अनिता मनात होती असं सांगतात. इटलीचा स्वातंत्र्ययोद्धा गॅरिबाल्डी, आणि त्याची अनिता मूळची ब्राझीलची, नवऱ्याच्या देशासाठी त्याच्या बरोबरीने लढलेली परदेशी बायको. शिवाय अनिता आपल्याकडेही सहज खपून जाणारं नाव, कुठल्याही गल्लीत एक अनिता असतेच.

डिसेंबरमध्ये सुभाषबाबू व्हिएन्नाला येऊन बाळाला बघून गेले. फेब्रुवारीत कील बंदरातून जर्मन पाणबुडीत बसले, सोबत फक्त त्यांचे सहकारी आबिद हसन, आणि तीन महिन्यांच्या प्रवासात मादागास्करच्या बाजूला भर समुद्रात जपानी पाणबुडीवर चढले. तो प्रवास सगळ्यांना माहीत असतो, त्याची चित्रं आहेत, मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मी तेव्हा मुलांना म्हणते, आता जरा किनाऱ्यावर बघा. तिथे अडीच महिन्यांचं बाळ असलेली बाई आहे, हातात न वाचता ठेवायचं बंगाली पत्र आहे, आणि व्हिएन्नावर लवकरच बॉम्ब पडणार आहेत.

नेताजी गेल्याचं तिला कसं कळलं?

रेडिओवरून. कुणी तार केली नाही, कुणी दारात आलं नाही, कारण ती कुणाची कोण हेच कुणाला माहीत नव्हतं.

ऑगस्ट १९४५. व्हिएन्नातल्या घराचं स्वयंपाकघर, आई आणि बहीण सोबत. संध्याकाळच्या बातम्या लावलेल्या, आणि एमिली लोकरीचा गुंडा करत बसलेली. बातमी आली की भारतीय नेता बोस विमान अपघातात तैहोकूला (म्हणजे आताच्या तैवानमधल्या तैपेईला) मेला, आणि नावाआधी देशाशी गद्दारी करणाऱ्याला लावतात तो शब्द लावलेला. आई आणि बहीण तिच्याकडे बघत राहिल्या. ती उठली, आतल्या खोलीत गेली जिथे अनिता झोपली होती, तिच्या पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि रडली. पुढे बोस घराण्यातल्या माणसांना तिनेच हे सांगितलं.

मी हे वर्गात सांगताना लोकरीच्या गुंड्यापाशी दर वेळी माझा आवाज बसतो. आपल्याकडे नवऱ्याची अशी बातमी आली तर सगळी आळी गोळा होते, बायका धरून बसतात, चार दिवस चूल पेटू देत नाहीत, शेजारून डबे येतात. तिचं हे दुःख आत जाऊन, पोरगी उठणार नाही अशा बेताने करायचं दुःख होतं. ३४ वर्षांची होती.

मग जगली कशावर? भारतातून पैसे यायचे का?

तिच्यासाठी नाही. नोकरी केली. व्हिएन्नाच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये, शिफ्ट ड्युटी.

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण माझी मावशी साताऱ्याला टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती आणि लहानपणी मी तिच्यासोबत एकदोनदा आत गेले आहे. ज्यांनी ट्रंक कॉलचा काळ बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, कानाला हेडसेट, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोरीच्या टोकाला पिना, एक पिन इकडे खोचायची, एक तिकडे, आणि दोन गावांतली माणसं जोडून द्यायची. कॉल तीन तऱ्हांचे, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. मावशीला नाइट ड्युटी असली की आजी आम्हाला सकाळी आवाज करू द्यायची नाही, मावशी आल्या आल्या आधी पाणी तापवून पाय धुवायची, मग तासभर कुणाशी बोलायचीच नाही. रात्रभर दुसऱ्यांचं बोलणं लावून देऊन तिला बोलणं नको व्हायचं. लग्नाच्या, मयताच्या, पास-नापासाच्या बातम्या तिच्या हातातून जायच्या.

एमिलीचं वाचलं तेव्हा मला आधी मावशी आठवली. युद्धात मोडलेलं शहर, चार विजेत्या देशांनी वाटून घेतलेलं, १९५५ पर्यंत परकी सैन्यं तिथे होती, खाणंपिणं रेशनवर, आणि घरात म्हातारी आई आणि लहान मुलगी, कमावणारी मुख्य हीच. ड्युटी करायची, घरी यायचं, मुलीचा अभ्यास घ्यायचा. राष्ट्रनेत्याची बायको म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंगला, गाडी, सत्काराच्या शाली येतात. हिचं आयुष्य शिफ्टच्या टाइमटेबलवर गेलं.

पण काँग्रेसने ट्रस्ट केला होता ना?

केला होता, आणि यावर अर्धवट माहिती फार फिरते म्हणून नीट सांगते. मे १९५४ मध्ये नेहरू आणि बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी २ लाख रुपयांच्या ट्रस्टच्या कागदावर सह्या केल्या, तो अनितासाठी होता. त्यातून वर्षाला ६,००० रुपये मुलीसाठी जायचे, १९६५ मध्ये तिचं लग्न झाल्यावर ते बंद झाले. एमिलीने स्वतःसाठी पैसे घ्यायला नकार दिला. सरकारने ज्या जुन्या फाइली २०१६ मध्ये खुल्या केल्या त्यांतून हे सगळ्यांसमोर आलं.

नेहरूंवर राग असणारे यातला ट्रस्ट सांगत नाहीत आणि नेहरूंचे भक्त एमिलीचा नकार सांगत नाहीत. दोन्ही सांगा.

बोस कुटुंब तिला भेटलं का?

भेटलं. १९४८ मध्ये शरदबाबू बायको विभावतीदेवी आणि मुलांना घेऊन व्हिएन्नाला गेले. लहान भावाचं पत्र शेवटी ज्याच्यासाठी होतं त्याच्यापर्यंत पोचलं होतं. थोरल्या जावेने धाकट्या जावेला पहिल्यांदा बघितलं, काकांनी पुतणीला जवळ घेतलं, अनिता सहा वर्षांची व्हायची होती. भारतात चला, आपल्या घरी राहा, असा आग्रह त्यांनी केला. १९५० मध्ये शरदबाबू वारले, पण त्यांच्या मुलांनी आणि सुनांनी ते नातं शेवटपर्यंत टिकवलं. या घराण्याबद्दल मला याच गोष्टीसाठी फार आदर वाटतो.

मग ती भारतात का आली नाही?

आलीच नाही. एकदाही नाही. त्या वेळी सांगितलेलं कारण घरातलं होतं, आई म्हातारी, तिला एकटीला टाकून कशी जाऊ. लेकीच्या जबाबदारीचं हे कारण मराठी घरात कुणालाही पटेल.

पुढे आई गेल्यावरही ती आली नाही, आणि त्यावर माझं जे वाटणं आहे ते वाटणं म्हणूनच घ्या. इथे ती आली असती तर तिला स्टेशनपासून हार घातले असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांनी विचारलं असतं, लग्नाचं सर्टिफिकेट दाखवा. मुलीच्या तोंडावर विचारलं असतं. व्हिएन्नात ती निदान आपल्या कष्टाची भाकरी खाऊन कुणाला उत्तर द्यायला बांधील नव्हती. अनिता मात्र १८ वर्षांची झाल्यावर १९६०-६१ मध्ये पहिल्यांदा भारतात आली आणि नंतर येतच राहिली.

तिच्यावर हेरगिरी झाली होती हे खरं का?

खरं. १९४८ ते १९६८, वीस वर्षं, स्वतंत्र भारताच्या गुप्तचर खात्याने कोलकात्याच्या बोस कुटुंबावर पाळत ठेवली होती, हे २०१५ मध्ये बाहेर आलं. व्हिएन्ना आणि कोलकात्यातली पत्रंही फोडून कॉपी काढल्या जायच्या. म्हणजे आधी ब्रिटिशांनी तिची पत्रं वाचली आणि मग ज्या स्वातंत्र्यासाठी तिचा नवरा गेला त्या स्वतंत्र देशाच्या माणसांनी वाचली. पुतण्याला लिहिलेली घरगुती पत्रं होती ती. मला याचा आजही संताप येतो आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

तिने दुसरं लग्न केलं का?

नाही. आडनावही शेंकलच ठेवलं.

अस्थींचं काय? आणि नेताजी जिवंत होते म्हणतात ते?

त्यावर तीन चौकश्या झाल्या, शाहनवाज समिती, खोसला आयोग, मुखर्जी आयोग. पहिल्या दोघांनी विमान अपघात मान्य केला, तिसऱ्याने नाही, आणि २००६ मध्ये सरकारने तो तिसरा अहवाल फेटाळला. टोकियोच्या रेंकोजी मंदिरात अस्थी आहेत. अनिता यांचं म्हणणं स्पष्ट आहे, वडील त्या अपघातातच गेले, शंका असेल तर डीएनए तपासा, पण त्यांना आता घरी, भारतात आणा. माझ्या मते पोटच्या मुलीचा शब्द यात शेवटचा मानायला हवा. साधू होऊन कुठे राहिले वगैरे गोष्टी सांगणाऱ्यांनी एकदा हाही विचार करावा, की ते जिवंत असते आणि वीस-तीस वर्षं बायकोमुलीला दोन ओळी पाठवल्या नाहीत असं म्हणणं म्हणजे आपण त्यांच्यावर केवढा आरोप करतोय.

अनिता आता काय करतात?

अनिता बोस फाफ अर्थशास्त्रज्ञ, जर्मनीत आउग्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होत्या. नवरा मार्टिन फाफ, तेही प्राध्यापक आणि जर्मन संसदेचे सदस्य होते. त्या स्वतः श्टाटबेर्गेन गावच्या महापौर झाल्या. एक्सचेंजमध्ये शिफ्ट करणाऱ्या आईची मुलगी, वडील आठवायलाही नाहीत, आणि इथवर आली. यात बोस हे नाव किती आणि एमिलीची नाइट ड्युटी किती याचा हिशोब ज्याचा त्याने करावा, मी माझा केलाय.

एमिली कधी गेली?

१३ मार्च १९९६ ला. वय ८५. सुभाषबाबूंना तिने शेवटचं पाहिलं तेव्हा ती ३२ वर्षांची होती.